टळत गेलेला मुहूर्त

रविवारी दहा वाजता गुरुजी घरी येणार, असं जितेंद्रने शुक्रवारी जेवताना सांगितलं आणि हंसाला जोराचा ठसका लागला. पाणी पिऊन झालं, सुनेने पाठीवरून हात फिरवून झाला, तरी तिचा चेहरा उतरलेलाच.

"घरी कशाला बोलावलंस? फोनवर विचार ना."

"फोनवर सहा महिने विचारतोय, आई. आता समोरासमोर विचारू," जितेंद्र म्हणाला, आणि म्हणताना त्याने आईकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. निदान हंसाला तसं वाटलं. हल्ली तिला तसं वाटायचंच. भाजीवाल्याने 'आंटी, नये घर में कब जा रहे हो?' असं सहज विचारलं तरी तिला वाटे, ह्याला कुणीतरी पढवून पाठवलंय.

आता शिवगणांच्या घरात एकमेकांवर संशय घ्यायची पद्धत काही नवी नव्हती. राजापूरच्या एका फणसाच्या झाडावरून हंसाचा नवरा पंढरीनाथ आणि त्याचा थोरला भाऊ चौदा वर्षं बोलले नव्हते. पण ते दिवस ओढाताणीचे होते. घरात सगळं चांगलं चाललेलं असताना माणसं अशी एकमेकांकडे चोरून बघायला लागतील, असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

आणि चांगलं म्हणजे किती चांगलं! नवघरच्या बाजूची त्यांची जुनी इमारत पाडून नवी उभी राहायला सात वर्षं लागली. ती सात वर्षं केबिन रोडच्या मागच्या ह्या भाड्याच्या घरात गेली. बाहेर एक खोली, आत स्वयंपाकघर, मध्ये पडदा, आणि माणसं पाच: हंसा, तिचा नवरा पंढरीनाथ, मुलगा जितेंद्र, सून क्षितिजा आणि नऊ वर्षांची नात अनुष्का. दसऱ्याला नव्या घराची किल्ली हातात आली. नववा मजला, दोन बेडरूम, हॉल, दोन्हीकडून वारा. तेव्हापासून ते घर कुलपात होतं, कारण वास्तुशांतीला मुहूर्तच मिळत नव्हता.

कार्तिकात गुरुजी म्हणाले, घरच्या लक्ष्मीला चंद्रबळ नाही. मार्गशीर्षात शुक्राचा अस्त. मग पौष आला. पौष गेल्यावर पुन्हा कसलं तरी बळ कमी पडलं. गुढीपाडव्याला कुणाला काही विचारायचं कारण नव्हतं, तर पाडव्याच्या सकाळी हंसाची छाती अशी धडधडायला लागली की गुढी राहिली बाजूला आणि सगळे रिक्षाने दवाखान्यात. ईसीजी अगदी नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले, काही नाही, आराम करा. आता घरमालकाने महिनाअखेर घर मागितलं होतं आणि पुढच्या महिन्यात अधिक मास लागत होता. मध्ये एकच दिवस उरला होता, पुढच्या रविवारची अक्षय तृतीया.

रविवारी सकाळी हंसा पोह्यांसाठी कांदा चिरत होती आणि देवाला विनवत होती की गुरुजींची स्कूटर बंद पडू दे. कारण त्या सगळ्या चंद्रबळांचं खरं कारण तिला माहीत होतं. कार्तिकात एका सकाळी ती देवळात गुरुजींना गाठून म्हणाली होती, "गुरुजी, माझं एक ऐका. एवढ्यात मुहूर्त काढू नका."

"का हो? पोरगा तर घाई करतोय."

"मला भीती वाटते," ती म्हणाली होती. कसली, ते तिलाही सांगता आलं नव्हतं.

खोटं कशाला बोला, तिला ते घर हवं होतं. एकतीस वर्षं हवं होतं. किल्ली मिळाल्यावर ती एकदा दुपारी एकटीच तिथे झाडू घेऊन गेली. पांढरीशुभ्र लादी, ओट्यावर ऊन, कुठे कुणाचा आवाज नाही. ती पाच मिनिटं उभी राहिली आणि झाडू तिथेच टाकून निघाली. लिफ्टचीसुद्धा वाट न बघता ती नऊ मजले जिन्याने खाली आली. त्या दिवसापासून तिला धड झोप नव्हती. आणि हे सांगायचं कुणाला? पोराने सात वर्षं चपला झिजवल्या आणि आई म्हणते, मला नको वाटतंय! लोक तोंडात शेण घालतील, असं तिला वाटे. त्यापेक्षा चंद्रबळ बरं.

*

जितेंद्रला आईचं काही माहीत नव्हतं. त्याचा संशय बहिणीवर होता.

मनाली लग्न होऊन विरारला दिली होती, पण रोज दुपारी दोन वाजता तिचा आईला फोन यायचा. अर्धा अर्धा तास. सुट्टीच्या दिवशी जितेंद्र घरात असला की आई फोन घेऊन गॅलरीत जायची आणि तो जवळ गेला की 'बरं, ठेवते' म्हणायची. त्यात दिवाळीला मनालीने विचारलं होतं, "दादा, घर कुणाच्या नावावर झालं रे?" तेव्हापासून त्याच्या डोक्यात किडा वळवळत होता. सोसायटीच्या कमिटीचा सेक्रेटरी म्हणून त्याने बिल्डरशी भांडणं केली, वकील केले, पायऱ्या झिजवल्या, कधी कुणावर डोळे मिटून भरवसा टाकला नाही. आता भांडायला बिल्डर उरला नव्हता, पण सवय उरली होती.

ह्या सगळ्यात क्षितिजा आपल्या बाजूची आहे, ह्याबद्दल मात्र त्याला शंका नव्हती. 'आई मुद्दाम करतायत' हे पहिल्यांदा तीच म्हणाली होती. फक्त शुक्रवारी रात्री ती म्हणाली, "रविवारी नको ना बोलावूस गुरुजींना. मला लॅबमध्ये जावं लागेल कदाचित." ती रक्त तपासणीच्या लॅबमध्ये नोकरीला होती, पण तिला काही जावं लागलं नाही. ती घरातच होती आणि सकाळपासून तिसऱ्यांदा गॅस पुसत होती.

मनाली साडेनवालाच आली. चप्पल काढता काढता म्हणाली, "काय दादा, पंचायत बसवलीयस म्हणे?"

"तुला कुणी सांगितलं?"

"आईने. का, मला सांगायचं नव्हतं?"

"तसं नाही. पण तुला सगळं आधीच कळतं, हे खरं."

"टोमणे नको मारूस हां सकाळी सकाळी. मला पण बरंच कळतं. आई-बाबांना इथेच ठेवून तुम्ही दोघं तिकडे जायचा प्लॅन असेल तर सरळ सांग."

"वेडीबिडी झालीस का तू?"

"मग सहा महिने कोण थांबवतंय? मुहूर्त काय फक्त आपल्याच घराला मिळत नाही? माझ्या नणंदेची वास्तुशांत झाली ना माघात!"

पंढरीनाथ खुर्चीत पेपर धरून बसला होता. औषध कंपनीच्या गोदामात पस्तीस वर्षं माल मोजून काढल्यामुळे त्याचा माणसांपेक्षा वस्तूंवर अविश्वास जास्त. "बिल्डरने गुरुजींना फितवलंय," तो म्हणाला. "मी लाद्या वाजवून बघितल्यात. दोन लाद्या आतून पोकळ आहेत. आपण राहायला गेलो की बोंबाबोंब करू, म्हणून तो लांबवतोय."

"बाबा, किल्ली देऊन मोकळा झाला तो. त्याला काय पडलंय?"

"तुला काय माहीत त्याला काय पडलंय?"

तेवढ्यात बेल वाजली. गुरुजींची स्कूटर बंद पडली नव्हती.

काशीनाथ गुरुजी सत्तरीचे, बारीक अंगाचे, शिवगणांच्या घरची तीन लग्नं आणि दोन बारसी केलेले. "साखर नको हो चहात," असं सांगून ते भिंतीकडच्या खुर्चीत बसले. क्षितिजाने पाणी आणून दिलं. तिने पेला ठेवला तेव्हा त्यातलं थोडं टीपॉयवर सांडलं. जितेंद्रने ते पाहिलं, पण तेव्हा त्याचं लक्ष दुसरीकडे होतं.

"गुरुजी, राग मानू नका," त्याने सुरुवात केली. "माझ्या ऑफिसातल्या मित्राच्या गुरुजींना पंचांग बघायला लावलं मी. किल्ली मिळाल्यापासून आजपर्यंत वास्तूचे चार मुहूर्त होते. चार! तुम्ही एकही सांगितला नाहीत."

गुरुजींनी चष्मा काढला, उपरण्याला पुसला, पुन्हा घातला. "चार नाही. पाच होते."

पंढरीनाथने पेपर खाली ठेवला.

"मग?" जितेंद्रचा आवाज चढला. "आम्ही इथे वेड्यासारखे वाट बघतोय..."

"जितेंद्र, मुहूर्त दिवसाला असतो तसा पाटावर बसणाऱ्या माणसालाही लागतो. ज्याचं मन तयार नाही, त्याला पाटावर बसवून मी होम करत नाही. तुझ्याच घरातून मला सांगणं आलं, गुरुजी, एवढ्यात नको. तेही एकाचं नाही, दोघांचं. एकाला दुसऱ्याचं माहीत नाही. मी म्हटलं, थांबावं. थोडं खोटं माझ्याही पदरात पडलं, ते माझं मी बघेन."

पडद्याला धरून उभी असलेली हंसा 'तुझ्याच घरातून' ह्या शब्दांना मान खाली घालून तयारच होती. पण 'दोघांचं' ऐकलं आणि तिने झटकन वर पाहिलं.

"दोघं कोण?" जितेंद्रने विचारलं.

"ते मी सांगणार नाही. विश्वासाने सांगितलंय मला."

*

त्यानंतरची दहा मिनिटं शिवगणांच्या घराला शोभणारीच झाली. जितेंद्रने मनालीकडे पाहिलं. मनाली ताडकन उठली.

"माझ्याकडे काय बघतोयस? माझ्याकडे गुरुजींचा नंबर पण नाही!"

"मग रोज दोन वाजता आईशी काय गुपचूप बोलत असतेस? घराबद्दलच ना?"

"गुपचूप?" मनालीचा आवाज फुटला. "आई रडते फोनवर! अर्धा तास रडते. मी ऐकते, दुसरं काय करू? विचारलं तर म्हणते काही नाही ग, आणि परत रडते. मला वाटलं तुम्ही दोघं तिला काहीतरी बोलता म्हणून!"

"आम्ही?" जितेंद्र बघतच राहिला.

"मग कोण? नवीन घर झालं, सगळं छान झालं, मग माणूस रडेल कशाला?"

पंढरीनाथ बायकोकडे वळला. "हंसे, तू रडतेस?"

हंसा पडदा सोडून पुढे आली. आता लपवण्यात अर्थ नव्हता आणि लपवून लपवून ती दमली होती. "गुरुजींना सांगितलं त्यातली एक मी," ती म्हणाली. "पोरीला नका बोलू. ती नाही. मी सांगितलं मुहूर्त काढू नका म्हणून."

"आई!" जितेंद्र एवढंच म्हणाला.

"मला ते घर बघितलं की धडधडतं. वाईट काही नाही तिथे. एवढं चांगलं आहे, तेच माझ्या अंगावर येतं. तिथे मी काय करू रे? शेजारी कोण ते माहीत नाही. दार लावलं की बाहेरचं काही ऐकू येत नाही. आणि मला सारखं वाटतं, एवढं सुख आपल्याला कसं काय मिळालं, ह्याचं काहीतरी होणार. रात्री उठून मी तुमचे सगळ्यांचे श्वास बघते."

"सात वर्षं, आई! सात वर्षं मी कुणासाठी मेलो?"

"म्हणून तर बोलले नाही. कुठल्या तोंडाने बोलू?"

"मला तरी सांगायचंस," पंढरीनाथ पुटपुटला.

"तुम्हाला? तुम्ही लाद्या वाजवत होतात."

गुरुजींना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात घालवलं. जितेंद्र मात्र हसला नाही. चिडावं की आईला जवळ घ्यावं, हे न कळून तो कपाळ चोळत उभा राहिला. पण बिल्डरशी भांडलेला माणूस अर्ध्यावर सोडणारा नव्हता.

"ठीक आहे. एक तू. दुसरं कोण?"

हंसाची नजर तेव्हाच क्षितिजावर गेली. पोह्यांच्या बशा हातात घेऊन ती पडद्याच्या कडेला थांबली होती आणि तिचा रंग गेला होता. सकाळपासूनचं गॅस पुसणं, सांडलेलं पाणी, कानावर पडलेली लॅबची सबब, सगळं हंसाला एका क्षणात कळलं. ही? जी घरभर सांगत फिरत होती की आई मुद्दाम करतायत, ती ही? हंसाला आधी असा राग आला की तिथेच बोट दाखवावं. मग तिने सुनेचे हात पाहिले. ते हात रोज पन्नास लोकांच्या शिरेत न थरथरता सुई घालायचे. आत्ता बशा एकमेकींवर वाजत होत्या.

"दुसऱ्यांदा पण मीच," हंसा म्हणाली. "आधी देवळात भेटले, मग फोन केला. गुरुजींना वाटलं असेल वेगळं कुणीतरी आहे."

"गुरुजींना माणसं मोजता येतात," पंढरीनाथ म्हणाला.

गुरुजी छताकडे बघत म्हणाले, "पोहे आणलेत वाटतं?"

*

क्षितिजा बशा देऊन आत आली आणि ओट्याला टेकली. मागून सासू आली. पडदा पडला.

"आई, का खोटं बोललात माझ्यासाठी?" तिने अगदी हळू विचारलं. ह्या घरात अकरा वर्षांच्या संसारातली सात वर्षं गेली होती आणि हळू बोलायची तिला सवय होती. "मी तर तुमच्याच नावाने बोलत होते सगळ्यांकडे."

"ते आलंय माझ्या कानावर. त्याचं नंतर बघू," हंसा म्हणाली. "लबाड कुठली."

क्षितिजाला हसू आलं आणि त्याबरोबर रडूही. तिने नळ सोडला, तोंडावर पाणी मारलं.

"तुमचं ते धडधडणं आहे ना, ते खरं असतं, आई. परवा लॅबमध्ये एक मुलगी आली होती. लग्न ठरलंय, मनासारखा मुलगा. आणि मुठीमुठीने केस गळतायत. सगळे रिपोर्ट नॉर्मल. आमचे डॉक्टर तिला म्हणाले, चांगल्या गोष्टीचाही ताण येतो. शरीराला चांगलं-वाईट कळत नाही, सगळं बदलतंय एवढंच कळतं. मी तेव्हा तुम्हाला सांगणार होते."

"मग सांगायचं होतंस की."

"सांगितलं असतं तर तुम्ही बऱ्या झाल्या असता. मग जावं लागलं असतं." ती थांबली. "बघा, इतकी वाईट आहे मी."

हंसा पाटावर बसली. बाहेर मनाली बापाला पोह्यांत लिंबू पिळून देत होती. "तुझं काय आहे ते सांग आता. तुला कसली भीती? तू तर पडद्यांचे रंगसुद्धा ठरवले होतेस."

क्षितिजाने नळ बंद केला. बोलावं की नाही, हे ठरवायला तिला वेळ लागला, कारण एकदा बोललं की ते परत घेता येणार नव्हतं.

"लग्न झाल्यापासून आमचं दोघांचं काहीही बिनसलं ना, की ते म्हणतात, नवीन घरात गेल्यावर बघू. मला दुसरं मूल हवं होतं. नवीन घरात गेल्यावर. मला लॅबचा पुढचा कोर्स करायचा होता. नवीन घरात. ते आठ आठ दिवस माझ्याशी बोलत नाहीत, मी विचारलं का, तर म्हणतात, इथे कुठे बोलायला जागा आहे, तिकडे गेल्यावर बोलू. आणि मी पण तेच धरून बसले. माणसं वाईट नाहीत, जागा कमी आहे. किती बरं वाटायचं असं म्हणायला! आता तिकडे आमची खोली असणार. अनुष्का म्हणते मी आजीकडे झोपणार. मध्ये कुणी नसणार. दार लावल्यावर ते जर भिंतीकडे तोंड करून झोपले ना, आई, तर मग मी काय म्हणू? कशाला दोष देऊ?"

हंसाला तिचा स्वतःचा संसार आठवला असेल, किंवा नसेलही. तिने सुनेचा हात धरला.

"त्याला सांगितलंस हे?"

"कधी? कुठे?"

पडदा सरकला. जितेंद्र तिथे उभा होता, हातात रिकामा पेला. पाण्यासाठी आला होता, की संशयाने आला होता, हे त्याचं त्यालाच ठाऊक. पण त्याने ऐकलं होतं. सगळं नसेल, शेवटचं तरी नक्कीच. त्याच्या चेहऱ्यावर राग होता आणि त्या रागाखाली घाबरलेला माणूस होता.

"तू केलास गुरुजींना फोन?"

"हो."

"माझ्याबरोबर एका खोलीत राहायचं नाही म्हणून?"

"मी असं नाही म्हटलं."

"मग काय म्हटलंस? सहा महिने मला बनवलंस. आईचं नाव पुढे केलंस. माझ्याबरोबर आईवर संशय घेतलास!" आणि मग जे बोलू नये ते त्याने विचारलं. "दुसरं कोणी आहे का?"

बाहेर मनालीच्या हातातला चमचा थांबला. गुरुजींनी बशी खाली ठेवली.

"हेच," क्षितिजा म्हणाली. तिचा आवाज आता हळू राहिला नव्हता. "हेच! तुम्हाला माणूस दिसतच नाही, चोर दिसतो. बिल्डर चोर, बहीण चोर, आई चोर, आता मी. अकरा वर्षांत तुम्ही मला एक सरळ प्रश्न विचारलात, आणि तो हा?"

"तू सरळ सांगितलंस का कधी?"

"तुम्ही ऐकलंत का?"

"मग आत्ता बोल ना! त्यासाठी नवघरला कशाला जायला पाहिजे? आत्ता बोल!"

"सगळ्यांसमोर?"

चार माणसं ऐकत होती आणि क्षितिजाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि दोघांनाही एक पाऊल मागे घ्यायलासुद्धा जागा नव्हती. आता ती नेहमीसारखी डोळे पुसून भांडी घासायला लागणार आणि तो पायात चप्पल अडकवून खाली निघून जाणार, हे हंसाला दिसलं. आणि मग हे पुन्हा कधीच बोललं जाणार नाही, हेही दिसलं.

ती उठली.

"चला," ती बाहेरच्या खोलीत येऊन म्हणाली. "अहो, उठा. मनाली, चप्पल घाल. गुरुजी, माफ करा, पोहे बशीसकट घेऊन चला."

"कुठे?" पंढरीनाथने विचारलं.

"बाहेर."

"बाहेर कुठे? ऊन बघ किती आहे."

"जिन्यात. उठा म्हणते ना!"

"पण अनुष्का येईल क्लासवरून..."

"बारापर्यंत नाही येत. आई, चल," मनाली म्हणाली. तिला कळलं होतं. जाताना तिने पंखा मोठा केला आणि भावाच्या दंडाला हात लावला. सकाळी त्याच्याशी भांडलेली तीच.

हंसाने दार बाहेरून ओढून घेतलं. खटकन आवाज झाला आणि चौघं जिन्यात उभी राहिली. गुरुजी बशी हातात घेऊन, पंढरीनाथ अनवाणी, कारण त्याला चप्पल सापडली नव्हती. समोरचं दार उघडून उर्मिलाबेन डोकावली.

"क्या हुआ आंटी? सब बाहर? चाबी अंदर रह गई क्या?"

"नहीं नहीं, सब ठीक है," हंसा म्हणाली. "बच्चे लोग अंदर हैं."

उर्मिलाबेनने सगळ्यांकडे एकेकदा पाहून घेतलं, तिचा विश्वास बसला नाही, पण तिने दोन प्लास्टिकच्या खुर्च्या बाहेर आणून दिल्या. गुरुजी एकीवर बसले. हंसाची छाती धडधडत होती. तिने भिंतीला टेकून दोनदा खोल श्वास घेतला.

"गुरुजी, अक्षय तृतीयेला या," ती म्हणाली. "सामानाची यादी लिहून द्या. मी उद्यापासून रोज थोडा थोडा वेळ जाऊन बसेन तिथे. पहिल्या दिवशी चहा करून प्यायचा आणि परत यायचं. मनाली, तू येशील?"

"येईन. दोनला फोन करायचा त्याऐवजी तिकडेच येते."

"धडधडलं तर?" पंढरीनाथने विचारलं.

"धडधडलं तर धडधडू दे. तुम्ही पण या. लाद्या वाजवायला नाही, बसायला."

गुरुजींनी मान डोलावली. "पण पाटावर ती दोघं बसायची," ते दाराकडे बघत म्हणाले. "त्यांचं काय?"

आतून अजून काहीच ऐकू येत नव्हतं. पंढरीनाथ अस्वस्थ होऊन ह्या पायावरून त्या पायावर होत राहिला. मनालीने दाराला कान लावायचा प्रयत्न केला, तिला हंसाने मागे ओढलं. मग आत जितेंद्रचा आवाज चढला. शब्द कळले नाहीत. लगेच त्यावर क्षितिजाचा आवाज आला, त्याच्याहून मोठा, असा की उर्मिलाबेनचं दार पुन्हा उघडलं. अकरा वर्षांत त्या सुनेचा एवढा आवाज कुणी ऐकला नव्हता. काहीतरी आपटलं. परत जितेंद्र. परत ती.

पंढरीनाथचा हात बेलकडे गेला. "हंसे, मारामारी होईल! उघडायला सांग!"

हंसाने त्याचं मनगट घट्ट धरलं.

"भांडू दे," ती म्हणाली. "आजपर्यंत बिचाऱ्यांना धड भांडताही आलं नाही."